रस्त्यावरच्या शेव्हरोले ३५० साठी सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्टची जोडी कशी जुळवावी

इंजिनाची ताकद वाढवायची ठरली, की नवखा माणूस सर्वप्रथम कॅमशाफ्टचा कॅटलॉग उघडतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते. हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या ओतीव भागाच्या) मानाने कॅम स्वस्त असतो, तो बदलला की इंजिनाचा आवाज बदलतो, आणि कॅटलॉगमधला प्रत्येक पुढचा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा चांगला वाटतो. कॅम मात्र व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा एवढेच ठरवतो. त्या उघड्या वाटेने किती हवा जाईल, हे हेडच्या पोर्टचा, म्हणजे हेडमधल्या हवेच्या मार्गाचा, आकार ठरवतो, आणि आत आलेली हवा किती दाबली जाईल, हे ज्वलनकक्षाचे आकारमान आणि पिस्टनचा माथा मिळून ठरवतात. म्हणून आधी गाडीचा वापर, मग हेड, मग कॉम्प्रेशनचे गणित आणि सर्वांत शेवटी कॅम, या क्रमानेच काम करावे, असा माझा आग्रह आहे.

या लेखात मी शेव्हरोलेचे ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन उदाहरणासाठी घेतले आहे. हे कुटुंब १९५५ मध्ये २६५ घनइंचाच्या रूपात आले आणि ३५० चा अवतार १९६७ च्या कॅमॅरोत प्रथम दिसला. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३.४८ इंच, म्हणजे साधारण ५.७ लिटर. इथे मिशिगनमध्ये जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली हेच इंजिन वारंवार भेटते, त्याचे सुटे भाग सहज मिळतात, आणि ते १९७८ च्या माझ्या स्वतःच्या पिकअपमध्येही आहे. तुमचे इंजिन दुसरे असले तरी आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पहिली पायरी: गाडी कुठे आणि कशी चालणार, हे कागदावर लिहा

गाडीचे वजन, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे की मॅन्युअल, मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर, टायरचा व्यास, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनातल्या निर्वाताच्या जोरावर पेडल हलके करणारा भाग) आहे का आणि एअर कंडिशनर आहे का, एवढ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. मग इंजिन प्रत्यक्षात किती फेऱ्यांवर चालते ते काढावे. ताशी मैल, अॅक्सलचे गुणोत्तर आणि ३३६ यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचातील व्यासाने भागले, की टॉप गिअर थेट म्हणजे एकास एक असताना मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या मिळतात. २६ इंची टायर आणि ३.०८ चे गुणोत्तर असेल, तर ताशी ६० मैल वेगाला इंजिन सुमारे २,३९० फेऱ्यांवर असते, तेच ३.७३ ला सुमारे २,८९० वर. ३.०८ च्या गाडीत ३,००० फेऱ्यांपासून जागा होणारा कॅम बसवला, तर हायवेवरसुद्धा तो अर्धा झोपलेलाच राहील. रोजच्या वापराच्या गाडीचे आयुष्य १,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान जाते, आणि निवड त्याच पट्ट्यासाठी करायची आहे.

याच टप्प्यावर कायद्याचाही विचार करून घ्यावा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेल-वर्षाच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणीतून सूट आहे, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना नाही. इतर राज्यांचे नियम निराळे आहेत, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या राज्याचा नियम पाहावा.

दुसरी पायरी: हेड ओळखा आणि हेड निवडा

रॉकरवरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांवरचे) झाकण काढले, की हेडच्या ओतकामावर कास्टिंग क्रमांक दिसतो. सत्तरच्या दशकातल्या असंख्य ३५० इंजिनांवर ३३३८८२ क्रमांकाचे हेड असते, ज्याला सगळे नुसते ‘८८२’ म्हणतात. त्याचा ज्वलनकक्ष ७६ सीसीचा असतो, बहुधा इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह १.९४ आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) १.५० इंचाचे असतात, आणि त्याचे ओतकाम पातळ असल्यामुळे तडे जाण्याबद्दल ते कुप्रसिद्ध आहे. असे हेड वापरायचेच असेल, तर मशीन शॉपमध्ये तडे तपासल्याशिवाय त्यावर एक डॉलरही खर्च करू नये. साठच्या दशकातल्या ‘डबल हम्प’ हेडचा कक्ष ६४ सीसीच्या आसपास असतो, पण त्यांना आता जुन्या वस्तूंचा भाव आला आहे.

कमी पैशात चांगले काम हवे असेल, तर १९९६ पासून पिकअपमध्ये आलेल्या व्हॉर्टेक हेडला माझी पहिली पसंती आहे. कक्ष ६४ सीसी, इनटेक पोर्ट सुमारे १७० सीसी, आणि व्हॉल्व्ह तेच १.९४ व १.५० इंचाचे, तरीही पोर्टचा आणि कक्षाचा आकार इतका सुधारलेला आहे, की जुन्या लोखंडी हेडपेक्षा ते स्पष्टपणे जास्त हवा सोडते आणि जळणही नीट होते. त्याच्या अटीही आहेत. इनटेक मॅनिफोल्ड (हेडपर्यंत हवा वाटून नेणारा भाग) व्हॉर्टेकचाच, उभ्या आठ बोल्टांचा लागतो, जुना बारा बोल्टांचा बसत नाही. झाकणे मधोमध बोल्ट असलेली लागतात, आणि रॉकर स्वतःच व्हॉल्व्हच्या टोकावर सरळ राहणारे, म्हणजे सेल्फ-गायडेड प्रकारचे लागतात. हे सगळे मिळून किती खर्च येईल, याची बेरीज करूनच बाजारातल्या नव्या अॅल्युमिनियम हेडशी तुलना करावी, कारण कित्येकदा दोन्ही हिशेब जवळपास येतात.

नवे हेड घेताना पोर्टच्या आकारमानाचा मोह टाळावा. मोठ्या पोर्टमध्ये कमी फेऱ्यांना हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे थेंब हवेत नीट तरंगत राहत नाहीत, आणि सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते. ५,५०० फेऱ्यांपर्यंत वापरायच्या ३५० साठी १७० ते १८५ सीसीचा इनटेक पोर्ट पुरेसा आहे. प्रवाहाचा तक्ता (व्हॉल्व्ह किती उचलला असता किती हवा जाते ते दाखवणारा) वाचताना ०.६०० इंच उचलीचा मोठा आकडा बाजूला ठेवून ०.२०० ते ०.४५० च्या दरम्यानचे आकडे पाहावेत, कारण तुमचा व्हॉल्व्ह तिथूनच जाताना एकदा आणि येताना एकदा जातो, तर ०.६०० पर्यंत तो कधी पोहोचतच नाही.

तिसरी पायरी: कक्ष मोजा, कॉम्प्रेशन काढा

कागदावरचा ६४ सीसी आणि प्रत्यक्षातला ६४ सीसी यांत फरक पडतो. हेड पूर्वी फेस मारलेले (पृष्ठभाग कापून सपाट केलेले) असेल तर कक्ष लहान झालेला असतो, व्हॉल्व्हच्या सीटा खोल गेल्या असतील तर मोठा. मोजायची रीत सोपी आहे. हेड उलटे करून, किंचित तिरके ठेवून स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर बसवावेत, कक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर दोन छिद्रे असलेली अॅक्रिलिकची पट्टी दाबून बसवावी, आणि एका छिद्रातून ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीने) रंगीत स्पिरिट सोडावे. शेवटचा बुडबुडा दुसऱ्या छिद्राकडे सरकत जाऊन नाहीसा झाला, की ब्युरेटवरचा आकडा वाचावा. आठही कक्ष मोजावेत. माझ्या हेडवर ते ६३.५ ते ६५ च्या दरम्यान निघाले होते.

आता हिशेब. माझा ब्लॉक ३० हजारांश इंचाने मोठा बोअर केलेला आहे, म्हणजे ४.०३० इंच, आणि इंजिन ३५५ घनइंचाचे झाले आहे. एका सिलिंडरचे पिस्टनने व्यापलेले आकारमान ७२७.४ सीसी. पिस्टनचा माथा सपाट आहे आणि त्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा ६ सीसीच्या. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पृष्ठभागापासून ०.०२५ इंच खाली राहतो, त्याचे ५.२ सीसी. दाबल्यावर ०.०४१ इंच राहणाऱ्या आणि ४.१६६ इंच बोअरच्या गॅस्केटचे ९.२ सीसी. यात कक्षाचे ६४ मिळवले, की वर उरलेली जागा ८४.४ सीसी होते. ७२७.४ आणि ८४.४ यांच्या बेरजेला ८४.४ ने भागल्यावर कॉम्प्रेशन ९.६ येते. हेच पिस्टन ठेवून वर ७६ सीसीचे हेड बसवले असते, तर उत्तर ८.५ आले असते. फक्त हेड बदलल्याने पडलेला हा एका अंकाचा फरक लक्षात ठेवावा, कारण कॅमची निवड त्यावरच टेकलेली आहे.

चौथी पायरी: कॅमचे आकडे कॉम्प्रेशनशी जोडा

कॅमच्या कार्डावर मुख्यतः तीन गोष्टी असतात. उचल म्हणजे व्हॉल्व्ह सीटवरून किती इंच सरकतो, ती १.५ गुणोत्तराच्या रॉकरसाठी दिलेली असते. कालावधी म्हणजे क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा असतो. तो दोन प्रकारे दिलेला असतो, एक जाहिरातीचा आणि एक टॅपेट (कॅमवर टेकून वरखाली होणारा दट्ट्या) ०.०५० इंच उचलल्यानंतर मोजलेला. दोन कंपन्यांच्या कॅमची तुलना नेहमी ०.०५० च्या आकड्यावर करावी, कारण जाहिरातीचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीच्या बिंदूपासून मोजते. तिसरी गोष्ट म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मध्यांमधला कोन. तो कमी असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, इंजिन आयडलला डुलते आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो.

हेड आणि कॅम यांची गाठ जिथे बसते तो बिंदू या तिन्हींत थेट लिहिलेला नसतो. तो बिंदू म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ. पिस्टन खालच्या टोकाला पोहोचून वर निघाला, तरी इनटेक काही काळ उघडाच असतो. जास्त फेऱ्यांना येणारी हवा आपल्याच वेगाच्या जोरावर आत घुसत राहते, म्हणून तो उशीर फायद्याचा ठरतो. कमी फेऱ्यांना मात्र वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. खरे दाबणे व्हॉल्व्ह मिटल्यावरच सुरू होते.

रस्त्यासाठी नेहमी मिळणारा एक हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम (आत तेल भरणाऱ्या, सपाट तळाच्या टॅपेटांचा; पहिला आकडा इनटेकचा, दुसरा एक्झॉस्टचा) घेऊ: जाहिरातीचा कालावधी २६२ आणि २७० अंश, ०.०५० वर २१८ आणि २२४, उचल ०.४६२ आणि ०.४६९, लोबमधला कोन ११०, इनटेकचा मध्य पिस्टनच्या वरच्या टोकानंतर १०६ अंशांवर. २६२ च्या निम्मे १३१, त्यात १०६ मिळवून १८० वजा केले, की इनटेक खालच्या टोकानंतर ५७ अंशांनी मिटतो. कनेक्टिंग रॉड ५.७ इंचाचा धरून काढले, तर त्या क्षणी ३.४८ इंचांपैकी २.८८ इंचांचाच स्ट्रोक उरलेला असतो, आणि वरच्या ९.६ कॉम्प्रेशनचे प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ८.१ होते. साध्या पंपाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या लोखंडी हेडच्या गाडीसाठी ८ च्या आसपासचा हा आकडा अगदी योग्य जागी आहे, तो ८.५ च्या वर गेला, की चढावर नॉकिंगची (मिश्रण अवेळी भडकून ठोके पडण्याची) भीती सुरू होते.

उलट बाजू मी स्वतः अनुभवली आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेड ७६ सीसीचेच ठेवून मी जाहिरातीचे २८४, म्हणजे ०.०५० वर २४० अंशांचा कॅम बसवला होता. इनटेक ६८ अंशांनी मिटत होता आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ६.७ वर आले होते. आयडलला व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या ९ ते १० इंचांवर थरथरत असे, ब्रेकचे पेडल लाकडासारखे कडक झाले होते, आणि पार्किंगमध्ये गाडी हळू मागे घेताना मला खरोखर भीती वाटत असे. ब्रेकच्या बूस्टरला साधारण १६ इंच व्हॅक्यूम लागतो. कुटुंबाला घेऊन जायच्या गाडीत ही तडजोड कोणीही करू नये. पुढच्या हिवाळ्यात तो कॅम मी काढला. तेव्हापासून दोन कॅममध्ये मन अडले, की लहान कॅम घ्या, असेच मी प्रत्येकाला सांगतो.

एक्झॉस्टच्या बाजूचाही विचार करावा. प्रवाहाच्या तक्त्यात एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या ७५ ते ८० टक्के हवा सोडत असेल, तर दोन्ही लोबचा कालावधी जवळपास सारखा चालतो. ते प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, किंवा सायलेन्सरचे पाइप अरुंद असतील, तर एक्झॉस्टला ६ ते १२ अंश जास्त द्यावे लागतात. जनरल मोटर्सने झेडझेड-४ या ३५० घनइंची क्रेट (कारखान्यातून जोडून तयार मिळणाऱ्या) इंजिनात ५८ सीसीच्या अॅल्युमिनियम हेडखाली २०८ आणि २२१ अंशांचा, ०.४७४ आणि ०.५१० उचलीचा, ११२ कोनाचा रोलर कॅम (तळाला चाक असलेल्या टॅपेटांचा) दिला, आणि १० कॉम्प्रेशनवर ५,२५० फेऱ्यांना ३५५ अश्वशक्ती काढली. इनटेकचे २०८ अंश पाहून बरेच जण नाक मुरडतात. पण त्या हेडचा पोर्ट लहान होता, एक्झॉस्टला मदत हवी होती, आणि कारखान्यातल्या अभियंत्यांनी आकडे त्या हेडसाठी निवडले होते. जुळणी शिकायची असेल, तर असे कारखान्याचे कॅम कार्ड समोर ठेवून ‘हा आकडा इथे का आहे’ असे स्वतःला विचारत जावे.

पाचवी पायरी: ऑर्डर देण्यापूर्वी हेडवर प्रत्यक्ष अंतरे मोजा

कारखान्यातून आलेल्या व्हॉर्टेक हेडवर उचलीची मर्यादा पोर्ट घालत नाही, व्हॉल्व्हच्या गाइडवरचे तेलाचे सील घालते. व्हॉल्व्ह खाली जाताना स्प्रिंगचा रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) त्या सीलवर आदळतो. मोजण्यासाठी स्प्रिंग काढावी, रिटेनर आणि लॉक (रिटेनर धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) तसेच व्हॉल्व्हवर चढवून व्हॉल्व्ह सीटवर ओढून धरावा, आणि रिटेनरच्या खालच्या कडेपासून सीलच्या माथ्यापर्यंत वर्निअरने अंतर घ्यावे. माझ्या हेडवर हे अंतर ०.५१४ इंच निघाले. त्यातून सुरक्षिततेचे ०.०५० वजा केले, की ०.४६४ उरतात. वरच्या कॅमची इनटेकची ०.४६२ उचल त्यात कशीबशी बसते, एक्झॉस्टची ०.४६९ मात्र पाच हजारांशाने बाहेर जाते. पाच हजारांश म्हणजे कागदाच्या एका पानाहून किंचित जास्त, आणि ‘एवढ्याने काय होते’ असे वाटण्याचा मोह होतोच. पण फेऱ्या वाढल्यावर साखळी, पुशरॉड (टॅपेट आणि रॉकर यांमधली सळई) आणि रॉकर सगळेच थोडे लवचिक वागतात, त्यामुळे ते ५० हजारांश राखून ठेवणे आवश्यक आहे. मी गाइडचे माथे कटरने खाली घेऊन लहान सील बसवले. मशीनकाम करायचे नसेल, तर २१२ आणि २१८ अंशांचा, ०.४४७ आणि ०.४५४ उचलीचा कॅम घ्यावा. रोजच्या गाडीला तो कमी पडत नाही.

स्प्रिंगा कॅम कंपनीने सांगितलेल्याच घ्याव्यात, आणि पूर्ण उचलीवर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकण्याआधी किमान ०.०६० इंच शिल्लक राहतात का, ते पाहावे. पत्र्याचे जुने रॉकर वापरत असाल, तर पूर्ण उचलीवर त्यांच्या मधली खाच स्टडला (रॉकर ज्यावर बसतो त्या खुंटीला) घासत नाही याची खात्री करावी.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर मोजायला मुलांची खेळायची माती उत्तम. एका पिस्टनच्या माथ्यावर तिची जाड पट्टी दाबावी, व्हॉल्व्हच्या तोंडाला तेल लावावे, खरे गॅस्केट घालून हेड कसावे, आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. या तपासणीपुरता सॉलिड टॅपेट वापरावा, कारण हायड्रॉलिक टॅपेट स्प्रिंगच्या जोराने दबतो आणि खोटे अंतर दाखवतो. फिरवताना कुठे अडकले, तर जोर लावू नये. मग हेड उचलून व्हॉल्व्हचा ठसा ब्लेडने मधोमध कापावा आणि सर्वांत पातळ जागा मोजावी. इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच, याहून कमी चालत नाही.

हेड, कॅम किंवा रॉकर बदलला, की पुशरॉडची लांबीही तपासावी. व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करची शाई लावून इंजिन फिरवल्यावर रॉकरने काढलेली रेघ अरुंद आणि मध्याजवळ असावी. ती रुंद किंवा एका कडेला गेली असेल, तर लांबी चुकली आहे.

सहावी पायरी: बसवणे आणि पहिले वीस मिनिट

टायमिंगच्या चक्रांवरचे ठिपके जुळवले म्हणजे काम झाले असे समजू नये. पिस्टन स्टॉपने (पिस्टन अडवणाऱ्या हत्याराने) पहिल्या सिलिंडरचे खरे वरचे टोक शोधावे, क्रँकवर अंशांची चकती आणि इनटेक टॅपेटवर डायल गेज लावावे. कमाल उचलीच्या आधी आणि नंतर, ०.०५० इंच खाली असताना दोन कोन घ्यावेत. मला ७१ आणि १४१ मिळाले, त्यांची सरासरी १०६, म्हणजे कार्डाप्रमाणे. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बसवताना हेही ध्यानात असावे, की दोन्ही ठिपके समोरासमोर आले असताना ठिणगीची पाळी सहाव्या सिलिंडरची असते. पहिल्यासाठी क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा लागतो.

फ्लॅट टॅपेट कॅमच्या लोबवर मॉलिब्डेनमचे वंगण चोपडावे, टॅपेट नवेच वापरावेत, आणि तेल झिंकयुक्त म्हणजे झेडडीडीपी असलेले घालावे. टॅपेट आपल्या जागी गोल फिरत राहण्यावरच लोबचे आयुष्य अवलंबून असते, आणि ते फिरणे पहिल्या वीस मिनिटांत बसते. म्हणून इंजिन सुरू होताच ते २,००० ते २,५०० फेऱ्यांवर न्यावे आणि वीस मिनिटे तिथेच थोडे वरखाली करत ठेवावे; आयडलला अजिबात सोडू नये. त्यासाठी पेट्रोल, पाणी आणि टायमिंग आधीच तयार असायला हवे, आणि अग्निशामक हाताशी हवा. दुहेरी स्प्रिंगा असतील, तर आतल्या स्प्रिंगा या वेळेपुरत्या काढून ठेवाव्यात.

त्यानंतर गरम तेल काढून टाकावे, फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून पाहावा, आणि लोखंडाची चमकदार कुसळे दिसली, तर पुढे न जाता टॅपेट बाहेर काढावेत. कागद स्वच्छ असेल, तर नवे तेल आणि नवा फिल्टर घालून व्हॅक्यूम गेज जोडावे. माझ्या पिकअपवर २१८ अंशांच्या कॅमने ७५० फेऱ्यांच्या आयडलला काटा १५ ते १६ इंचांवर येऊन स्थिर राहिला, आणि पेडल पुन्हा पूर्वीसारखे मऊ झाले.